बाईंची राळ

बाईंच्या घरी चिखल शिजत असे. मागच्या पडवीत, वारा कुठून येतो ते बघून, बाई काचेच्या चंबूत घरामागच्या व्हाळातला चिखल घेत, त्यावर आम्ल ओतत आणि चंबू स्टोव्हच्या मंद आचेवर ठेवत. पिवळट वाफ उठे. शेजारची वहिनी गडग्यापलीकडून नाकाला पदर लावून विचारी, "आज कितें रांदलां गो? चिखलाचें हुमण?"

"होय वहिनी, येवा जेवूक," मी म्हणे.

"नाका गो बाये. तुझी बाई शिकलेली, तिकाच पचता तें."

बाई आतून ऐकत. तेव्हा हसत नसत, पण दुपारी ताटावर बसल्या की माशांच्या आमटीकडे, म्हणजे खऱ्या हुमणाकडे, बोट करून विचारत, "हें सात फावट धुलां न्हय?" शिजवलेला चिखल सात वेळा धुवावा लागे, त्यावरून ते. पाणी घालायचं, तळाशी बसू द्यायचं, वरचं पाणी हलकेच ओतून टाकायचं, पुन्हा नवं घालायचं. सातव्या पाण्यानंतर तळाला पांढरी पूड उरे, रांगोळीच्या चिमटीएवढी. ती धुणं हे माझं काम. माझ्या आयुष्यात पगार घेऊन केलेलं पहिलं काम.

बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. निवृत्त झाल्यावर डिचोलीजवळच्या मुळगावात, वडलांच्या घरी, एकट्या राहायला आल्या. लग्न केलं नव्हतं. स्वयंपाकाला आणि बाटल्या धुवायला त्यांना कुणीतरी हवं होतं. माझा मामा तिथल्या खाणीवर ट्रक चालवायचा. त्यानं माझं नाव सुचवलं. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. शाळा सातवीतच सुटली होती. सुटली म्हणजे काय, एका दिवाळीच्या सुट्टीनंतर मी गेले नाही आणि का आली नाही म्हणून कुणी विचारायला आलं नाही. आई अंथरुणाला होती, पाठची चार भावंडं होती.

पेडण्यातलं आमचं हळर्ण आणि हे मुळगाव नकाशावर वीतभरही लांब नाहीत. पण मला तीन बस बदलाव्या लागत आणि घरी जाणं चवथीला आणि शिगम्याला, एवढंच. पहिल्या महिन्यात मी दाराची कडी तीनतीनदा बघायची. बशी फुटली तर बाई काय म्हणतील, भात मऊ झाला तर ठेवतील का, असं काहीतरी सतत वाटत असायचं. आज नागपुरात मुलाच्या घरी बसून हे लिहिताना हळर्णही लांब आणि मुळगावही लांब. दाराची कडी तेवढी अजून तीनतीनदा बघते.

गोवा राज्य झालं त्याच्या आदल्या पावसाळ्यात मी तिथं आले. भाषेवरून तेव्हा घराघरांत वाद चालत. बाई शास्त्र सांगताना मराठीत सांगत आणि रागावताना कोंकणीत. एकदा कुणा पाहुण्यानं मुद्दाम विचारलं, "बाई, तुम्ही कोणाच्या बाजूच्या?" बाई म्हणाल्या, "व्हाळाच्या." पाहुणा चहा अर्धा टाकून गेला.

व्हाळ म्हणजे त्यांच्या घरामागून शेतात उतरणारा ओढा. वरती खाण होती. पावसात व्हाळ कावेसारखा लाल व्हायचा आणि तो गाळ शेतात बसायचा. बाई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी व्हाळातले तीन दगड घासून आणत. हिवाळ्यात अशा दगडांवर एक तपकिरी, बुळबुळीत साय धरते. आमच्या बायका तिला नुसतं निसरडं म्हणतात आणि पाय जपून टाकतात. बाई ती साय टूथब्रशनं खरवडून बाटलीत घेत. त्या सायीत डायटम असतात. पुस्तकी मराठीत त्यांना करंडक म्हणतात, हे मला बाईंनीच सांगितलं. एकेका जिवाभोवती दोन झाकणांची काचेची डबी असते, कुंकवाच्या करंड्यासारखी. पाण्यात विरघळलेली वाळू घेऊन तो जीव आपली काच आपणच घडवतो. आम्लात जीव जळून जातो आणि काच राहते. तीच ती रांगोळी.

कुठल्या जातीचे किती करंडक, ते दर महिन्याला मोजायचं. व्हाळ बिघडला की काही जाती जातात, काही वाढतात. कॉलेजात असतानाही दर महिन्याला इथं येऊन, पंचवीस वर्षं त्या हे मोजत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी वाचतही नव्हतं.

मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून बघितलं तो दिवस मला आठवतो. बाईंनी आरशाच्या वरती काळ्या कागदाची गोल टिकली बसवली, म्हणजे मधला उजेड अडतो आणि फक्त कडेनं येतो. "डोळो लाय. श्वास रोख," म्हणाल्या. मी डोळा लावला. काळ्यावर निळं दिसलं. मग सोनेरी. काचपट्टी केसभर सरकवली की हिरवं. होड्या होत्या, चंद्रकोरी होत्या, ताटल्या होत्या.

"बाई, ह्यांका रंग कोणी दिलो?"

"रंग नाहीच त्यांना," बाई मराठीत आल्या. "काच पांढरीच आहे. तिला भोकं आहेत, ओळीनं, अतिशय बारीक. उजेड त्यातून सरळ पार होऊ शकत नाही, फुटतो. फुटलेला उजेड तुला रंग म्हणून दिसतो. साबणाच्या फुग्यावर दिसतो ना, तसा."

चवथीला घरी गेले तेव्हा मी हे सगळं आईला सांगितलं. आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवूक बरां गावता मा तुका?"

वर्षभरात मी सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या करायला शिकले. बाईंचे हात तेव्हा थरथरू लागले होते, साखरेचा त्रास होता, म्हणून पट्ट्या मीच करायची. पातळ काचेवर पुडीच्या पाण्याचा थेंब सुकवायचा, जाड पट्टीवर राळेचा थेंब ठेवायचा, पातळ काच त्यावर उलटी टेकवायची, खालून जरा ऊब द्यायची. बुडबुडा राहता कामा नये. एक बुडबुडा राहिला की बाई म्हणत, "हो कोण जातीचो करंडक गो? नवो सोदून काडलो?" मी लाजेनं पुन्हा करायची. सातवी नापासही नाही, सातवी अर्धी झालेल्या मुलीच्या हातून त्या असलं काम करून घेत होत्या. माझ्या किराण्याच्या यादीतले ऱ्हस्वदीर्घसुद्धा त्या लाल शाईनं दुरुस्त करून परत देत. शाळेनं जे केलं नाही ते त्या करत होत्या. मला त्यांच्यासाठी काय करू आणि काय नको असं झालं होतं, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

राळ दोन प्रकारची होती. एक साधी, मोठ्या बरणीत, कॉलेजातून आलेली. झाडाच्या देठांचे काप ठेवायला ती वापरत. आणि एक बाईंची खास, तपकिरी छोट्या बाटलीत. ती विलायतेतून येई, त्यांचा एक जुना विद्यार्थी पाठवायचा. करंडक तीतच बसवायचे असा नियम. का, ते मी विचारलं नव्हतं. दोन्ही मधासारख्या पिवळ्या, दोन्ही चिकट.

राज्य झालं त्या वर्षाच्या शेवटी खास बाटली तळाला आली. बाईंनी विलायतेला पत्र घातलं होतं. उत्तर नव्हतं. दुसरं घातलं. पोस्टमन दिसला की बाई गडग्यापर्यंत जात आणि रिकाम्या हातानं परत येत.

आमच्या घरात कुठलाही डबा तळापर्यंत रिकामा करायचा नाही अशी रीत. तांदूळ, मीठ, तेल, काहीही असो. तळाला मूठभर राखायचं आणि त्यावर नवीन ओतायचं. रिकाम्या डब्यात हात खरवडला तर आई चापट मारायची. नवीन तसंच मिळालं नाही तर जे असेल ते. उकड्या तांदळांवर रेशनचे तांदूळ कितीदा तरी पडले असतील. भात वेगळा लागायचा, पण डब्यात हात घातला की हाताला तांदूळ लागायचे. तेवढ्यावर आईला झोप यायची.

मी बाईंच्या बाटलीत बरणीतली दोन कुलेरं, म्हणजे दोन चमचे, साधी राळ ओतली. काडीनं ढवळली. बाटली पुन्हा अर्धी झाली. खरं सांगते, मला कसलीही भीती वाटली नाही. जिला उठताबसता भीती वाटते तिला त्या एका गोष्टीची वाटली नाही. घर सांभाळलं असंच वाटलं.

महिन्यानं बाईंनी लांबूनच बाटली बघितली. "अजून आसा? कितली जपून वापरता गो तूं!"

त्यांनी माझी अशी तोंडभर स्तुती कधी केली नव्हती. मी ती घेतली. सांगायची वेळ तीच होती, पण मी मान खाली घालून हसले आणि भांडी घासायला गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा कुलेरभर घातली. त्याच्या पुढच्या महिन्यातही.

त्या मार्चमध्ये मोजताना बाई मध्येच थांबल्या. आरसा फिरवला. जनेल उघडून उजेड आत घेतला. चष्मा पुसला, मग चष्मा काढून बघितलं. "आज उजेड बरो ना," म्हणाल्या. बाहेर ऊन रखरखत होतं.

एप्रिलमध्ये त्यांनी भिंग पुसायचा कागद मागितला. मे महिन्यात त्या मोजता मोजता उठल्या आणि मेजाला धरून उभ्या राहिल्या. "भोकांच्या ओळी दिसनात," एवढंच बोलल्या. मला नव्हे, स्वतःशीच.

बाईंची आई साखरेनं आंधळी झाली होती. शेवटची सहा वर्षं ती ह्याच घरात भिंतीला हात लावून चालायची. भिंतीवर कमरेइतक्या उंचीला चुना झिजून एक पट्टा पडला होता, बाईंनी त्यावर पुन्हा चुना काढू दिला नव्हता. बाईंना मरणाचं भय नव्हतं, ते त्या उघड म्हणत. डोळ्यांचं होतं, त्याबद्दल मात्र त्या चकार शब्द काढत नसत. त्या मे महिन्यात मी त्यांना त्या पट्ट्याशी उभं राहिलेलं बघितलं. काही शोधत नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या.

मला अजून काही कळलेलं नव्हतं. मी आपली देवाजवळ बाईंच्या डोळ्यांसाठी गाऱ्हाणं घालत होते.

जूनच्या सुरुवातीला, पाऊस लांबलेला होता, बाईंनी मला मेजाजवळ बोलावलं. एका काचेच्या कोपात पाणी होतं आणि एकात खोबरेल तेल. त्यांनी काचेची कांडी पाण्यात धरली. कांडी दिसत होती, जरा फिकट झाली एवढंच. मग ती तेलात बुडवली. तेलातला भाग जवळजवळ नाहीसा झाला. वरचा तुकडा हवेत लटकल्यासारखा राहिला.

"जादू," मी म्हटलं.

"जादू नाही. काच का दिसते? हवेतून काचेत शिरताना उजेडाची चाल बदलते, तो वळतो. त्याला ठेच लागते म्हण. ठेच लागते तिथं आपल्याला कड दिसते. तेलाची आणि काचेची चाल सारखीच. उजेडाला ठेचच लागत नाही. तो सरळ निघून जातो आणि काच आहे हे आपल्याला कळत नाही."

त्यांनी कांडी वर काढली, तेल निथळू दिलं.

"आमचे करंडक असेच. साध्या राळेत घातले तर त्यांची आणि राळेची चाल जवळजवळ एक. असतात तिथंच, पण दिसत नाहीत. म्हणून ती विलायतेची राळ लागते, तीत उजेड चांगला अडखळतो." त्यांनी कांडी फडक्यात गुंडाळली. "आता राळ चांगली आहे, भिंग चांगलं आहे, ऊन आहे. म्हणजे राहिलं काय? तुला हे सांगून ठेवते, कारण आता मला कुणाला तरी सांगायला हवं. माझे डोळे चालले."

मी त्यांच्यासमोर बसले होते. मेजावर दोन कोप होते. माझ्या हातात तेलाचं फडकं होतं.

कितीदा तरी मी तो क्षण पुन्हा उभा करून बघितला आहे. फक्त चार शब्द हवे होते. बाई, राळ चांगली नाही. पण त्या आधीच्या सहा महिन्यांचं काय, त्या स्तुतीचं काय, मला काढलं तर औषधाचे पैसे घरी कोण पाठवणार, मामाला कुठल्या तोंडानं सांगणार, असं सगळं एकदम समोर आलं. मी म्हटलं, "बाई, डॉक्टरांक दाखवया."

म्हापशाच्या डॉक्टरांनी नीट तपासलं. म्हणाले, मोतीबिंदूची अगदी सुरुवात आहे, एवढ्यात काही करायचं नाही, साखर सांभाळा. बाईंनी पहिले दोन शब्द ऐकले आणि बाकीचं ऐकलं नाही. परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले एवढ्यात काय ना." बाई म्हणाल्या, "डॉक्टरांक करंडक मोजूंक पडनात."

मी नंतर काय केलं? बाटलीतलं ते मिश्रण मातीत पुरलं आणि बाटली हातून निसटून फुटली असं सांगितलं. म्हणजे एक खोटं झाकायला दुसरं. बाई रागावल्यासुद्धा नाहीत. "बरें जालें," म्हणाल्या. "आता तशीय कित्याक जाय?"

पावसाळाभर व्हाळ लाल वाहत होता आणि बाई पडवीत बसून असत. पहिल्या रविवारी मी टूथब्रश आणि बाटल्या काढून ठेवल्या, त्यांनी त्या परत फळीवर ठेवायला सांगितल्या. वहिनीनं गडग्यावरून विचारलं, "चिखल शिजना तो आतां?" मी आत निघून गेले. रोज सकाळी चहा देताना मी ठरवायची की आज सांगायचं. चहा निवायचा. त्या कप खाली ठेवायच्या. मी कप उचलायची.

दिवाळीनंतर बाईंनी सूक्ष्मदर्शक कॉलेजला द्यायचं ठरवलं. तो त्यांचा स्वतःचा होता, पहिल्या पगारांतून घेतलेला. आम्ही तो चादरीत गुंडाळून, घरच्या पट्ट्यांच्या खोक्यासकट, भाड्याच्या गाडीनं नेला. बाई पूर्ण वाट त्याच्यावर हात ठेवून होत्या.

त्यांच्या जागी जे शिक्षक होते ते त्यांचेच विद्यार्थी. "मॅडम, हा आमच्याकडे तुमच्याच नावानं राहील," असं काही काही बोलत होते. पावती लिहायला शेजारच्या खोलीत गेले. खोलीत लाकडी कपाट होतं, सपाट खणांचं. त्यात बाईंच्या पंचवीस वर्षांच्या पट्ट्या, निवृत्त होताना मागे राहिलेल्या. मी ते कपाट पहिल्यांदाच बघत होते. खणांवर वर्षं आणि महिने बाईंच्या अक्षरात.

मी काय करणार आहे हे मी ठरवलं नव्हतं. पावती होऊन आली की आम्ही निघणार, आणि मग हे कधीच कुणाला कळणार नाही, एवढंच डोक्यात आलं. मी एक खण ओढला. एक पट्टी घेतली. सूक्ष्मदर्शक खिडकीशी मेजावर होता, मी पट्टी त्याखाली ठेवली, आरसा वळवला, स्क्रू फिरवला. करंडक समोर आले. प्रत्येक ओळ, प्रत्येक भोक.

"बाई, एकदां पळयात."

"कितें आतां?"

"एकदांच."

त्या कंटाळून स्टुलावर बसल्या. डोळा लावला. हात आपोआप स्क्रूकडे गेला आणि तिथंच थांबला. बाहेर मुलं जिन्यावरून धावत उतरत होती. बाई हलल्या नाहीत.

"ही पट्टी कुठली?"

"आपल्याच व्हाळाची. मी यायच्या आधीची."

"ह्या वर्षाची दे."

आम्ही आणलेल्या खोक्यातली मी दिली. त्यांनी ती बघितली. मग पुन्हा जुनी. मग पुन्हा नवी. शिक्षक पावती घेऊन आले, म्हणाले, "मॅडम, भिंगं स्वच्छ आहेत ना?"

"भिंगं स्वच्छ आहेत," बाई म्हणाल्या. "डोळेय स्वच्छ आसात." आणि माझ्याकडे वळून, अगदी हळू, "राळेंत कितें घातलें गो?"

"साधी राळ." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, मी पुन्हा म्हटलं. "सरत आयिल्ली. म्हणून वर घातली."

"आणि तुला कधी कळलं?"

त्या मराठीत आल्या होत्या. मला वाटलं होतं त्या कोंकणीत ओरडतील.

"खोबरेल तेलाच्या दिवशी."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. पाचही बोटं मिटली, तो हात त्यांनी तसाच मांडीवर ठेवला. शिक्षक गोंधळून आमच्याकडे बघत होते. पावतीवर सही झाली. सूक्ष्मदर्शक परत मागता आला असता, शिक्षकांनी आनंदानं दिला असता. बाई म्हणाल्या, "दिलं ते दिलं."

बसमध्ये दोघींची तिकिटं त्यांनीच काढली. घरी आल्यावर मी माझी ट्रंक भरायला घेतली. त्या दारात आल्या. "ते नंतर. आधी इथं ये." मेजावर त्यांची मोजणीची वही होती. पेन माझ्या हातात दिलं. "काय झालं ते ह्या पानावर लिही. तुझ्या हातानं."

मी लिहिलं की डिसेंबरपासून मेपर्यंत राळेत दुसरी राळ मिसळली होती, तरी हे आकडे धरू नयेत. खाली माझं नाव. चार तरी चुका असतील त्यात. त्यांनी वाचलं आणि लाल पेन उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाव आणायला मलाच पाठवलं. मी राहिले. त्यांनी मला ठेवलं ह्याचे उपकार मी आजही मानते, पण ती कृपा सोसायला सोपी नव्हती. दूध उतू गेलं तरी त्या गप्प बसत. पूर्वी एका बुडबुड्यावरून मला हसायच्या.

विलायतेहून पुढच्या वर्षी बाटली आली. त्या विद्यार्थ्याचा पत्ता बदलला होता, म्हणून उशीर. महिन्यातून एकदा आम्ही बसनं कॉलेजात जायला लागलो. पट्ट्या मी तिथंच करायची, बाई माझ्या हाताकडे बघत शेजारी बसायच्या. बाटली त्यांच्या पिशवीत असायची. त्या झाकण काढून माझ्या पुढ्यात ठेवत, थेंब घेऊन झाला की परत घेत. मला त्याचं वाईट वाटत नसे, उलट हायसं वाटे. दोन पावसाळे असे गेले. व्हाळाचे आकडे पुन्हा वहीत पडू लागले.

मग एका जानेवारीत बाईंनी डोळा लावला आणि स्क्रू पुढे-मागे करत राहिल्या. पुढे, मागे. मी ओळखलं. डोळा न काढताच त्यांनी विचारलं, "राळ?"

"तीच बाई. तुमच्या पिशवीतली."

"वर काय घातलं नाहीस?"

"ना बाई."

"कॉलेजातल्या बरणीतली?"

"ना."

त्या घटकेला मला मनापासून वाटलं, मी काहीतरी घातलेलं असतं तर किती बरं झालं असतं. मी कबूल केलं असतं, त्यांनी मला काढलं असतं, आणि त्यांचे डोळे जागेवर राहिले असते. काहीतरी आठवतंय का म्हणून मी सकाळपासूनचं माझं सगळं काम मनात उलटंपालटं करून बघितलं. काही नव्हतं. पट्टी मी आयुष्यात केली असेल त्यातली सगळ्यात नीट होती.

बाईंनी बाटली पिशवीतून काढली, झाकण उघडून वास घेतला. खास राळेचा वास गोडसर असतो, साधीचा सुतारकामाच्या दुकानासारखा. त्यांनी दोनदा वास घेतला. मग झाकण लावलं, घट्ट.

"तूं पळय."

मी बघितलं. सगळं लख्ख होतं.

"तुका दिसता?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. "दिसता," मी म्हटलं.

"ओळी?"

"ओळीय दिसतात, बाई."

"मग मोज. चारशे."

मी मोजायला लागले. होडी म्हटलं की त्या तिचं शास्त्रातलं नाव पुटपुटत, कोर म्हटलं की कोरीचं. मी हळू, स्पष्ट सांगत होते, एकही चुकू नये म्हणून पट्टी केसाकेसानं सरकवत होते. मान आखडली. खिडकीतलं ऊन मेजावरून खाली गेलं. चारशेवा करंडक सांगून मी वळले. वही त्यांच्या पुढ्यात उघडी होती. पानावर महिना होता, व्हाळाचं नाव होतं, आकडा एकही नव्हता. पेन त्यांच्या हातात होतं, टोपण लावलेलं.

"चल," बाई म्हणाल्या, "बस चुकतली."